सेकंडहँड मारुती ईको व्हॅन बघालोय, सात सीटर. घ्यायच्या आधी काय काय तपासायचं?

चादरवाला_१३ | शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. घरात आम्ही सहा जण. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. आत्ताच्या छोट्या गाडीतून अक्कलकोटला जायचं म्हणजे धाकटा कुणाच्या तरी मांडीवर आणि बाबांचे गुडघे डॅशबोर्डला. दर पौर्णिमेला जाणं असतं, शिवाय पंढरपूर, तुळजापूर आहेच. अर्टिगा जुनीसुद्धा बजेटच्या बाहेर जाते, म्हणून ईकोवर आलोय.

एक जाहिरात सापडली. २०१६ चं मॉडेल, एमएच १३ पासिंग, सात सीटर, पेट्रोल + सीएनजी, "एसी चिल्ड", ७४ हजार रनिंग, सिंगल ओनर, घरगुती वापर. ३ लाख ४० हजार सांगतोय. रविवारी अकरा वाजता आसरा चौकात बोलावलंय. मला गाडीतलं कळतं ते इतकंच की चावी कुठे लावायची. काय बघू?

स्पॅनर | शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री १०:३५

अकरा वाजता जाऊ नका. सकाळी सात वाजता त्याच्या घरी जा, न सांगता जमलं तर आणखी चांगलं. इंजिन थंड पाहिजे. गरम गाडी दाखवणारा माणूस काहीतरी लपवालाय असं धरून चालायचं. थंड गाडीला सेल्फ मारला की पहिल्या दहा सेकंदात ती सगळं बोलते.

ईकोचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या खाली. त्यामुळे बॉनेटवर हात मारून "मशीन मस्त आहे" म्हणणारे पाहुणे बरोबर नेऊ नका, तिथं इंजिनच नाही. सीट उचलायला लावा. मालक "कशाला उगं सीट काढता" म्हणाला तर तुमचं काम तिथंच संपलं, चहा पिऊन या.

सीट उचलल्यावर: डिपस्टिक काढून ऑइल बघा. काळं असू दे, चालतं. कॉफीसारखं दुधाळ झालं असलं किंवा ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरलेली असली तर पाणी ऑइलमध्ये चाललंय, हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम. मग गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण हळूच उघडा. थोडी फुक सगळ्याच मारतात. पण झाकण हातात नाचायला लागलं, धूर भसाभस यायला लागला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

मागे एकाला उभं करा. रेस करून सोडली की निळा धूर म्हणजे ऑइल खाते. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ येतो, ती वाफ. गाडी तापल्यावरही पांढरा येतच राहिला तर पाणी जळालंय.

बाकी उद्या लिहितो, दुकानात दोन गाड्या खोलून पडल्यात.

पुण्यात_अडकलेला | शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

सहा जणांना घेऊन हायवेला ईको? २०१६ मध्येच ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे दिले होते. पत्र्याचा डबा आहे तो. थोडं थांब, पैसे साठव आणि दुसरं काहीतरी घे.

कडकभाकरी | शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पुणेकर, तारे बरोबर आहेत तुमचे. पण तो माणूस आत्ता सहा जण पाच सीटच्या गाडीत कोंबून, पोराला मांडीवर घेऊन चाललाय. त्याला किती तारे द्यायचे?

चादरवाले, यातला मधला मार्ग सांगतो. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी एप्रिलपासून. तेव्हा २०१६ च्या मागे लागण्यापेक्षा २०१९ च्या उत्तरार्धातली शोधा. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो बघायचा. "मॉडेल २०१९" म्हणून मार्चमध्ये बनलेली गळ्यात मारतात.

आणि दुसरं. सात सीटर आणि "एसी चिल्ड" हे एका वाक्यात वाचून मला खटकलं. त्या काळात कंपनीचा एसी पाच सीटरला यायचा, सात सीटर बिनएसीची. म्हणजे एकतर एसी बाहेरून बसवलाय, नाहीतर पाच सीटरच्या मागे बाकडं टाकून सात केलेत. दुसरं असण्याची शक्यता जास्त.

निवृत्त_लेखनिक | शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

वरच्या मुद्द्यात भर घालतो. सव्वीस वर्षे कागद तपासण्यात गेली, त्यामुळे इंजिनाआधी आरसी हातात घेतो. आरसीवर तीन गोष्टी वाचाव्यात. आसनक्षमता, इंधन आणि वाहनाचा वर्ग. आसनक्षमता ५ असेल आणि गाडीत ७ बसत असतील, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. इंधनापुढे नुसतं पेट्रोल असेल आणि मागे सिलिंडर असेल, तर तो किट नोंदलेला नाही. वर्ग मालवाहू असेल, तर खिडक्या-सीटा नंतर बसवलेल्या आहेत.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर वाचून आरसीशी ताडावेत. फोटोवरून नव्हे. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि कितवा मालक हे दिसतं. ई-चलनं वेगळी बघावीत. "सिंगल ओनर" म्हणणाऱ्याच्या आरसीवर मालक क्रमांक ३ मी स्वतः पाहिला आहे.

बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची, म्हणजे केए २८ विजापूर किंवा एमएच २५ धाराशिव असेल, तर फॉर्म २८ ची एनओसीही लागेल. विकत घेतल्यापासून ३० दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून मागायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा विम्याचा फरक हिशेबात धरा. विकणाऱ्याच्या कोऱ्या सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच फिरवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

स्पॅनर | शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

लेखनिक काका बोलले ते सोन्याचं. आता खालचं सांगतो.

ईकोचं इंजिन मध्ये, रेडिएटर पुढे. पाणी लांबच्या पायपातून फिरतं. कुणी होज बदलला आणि पाणी भरताना हवा नीट काढली नाही की आत हवेचा गोळा बसतो, काटा मध्येच वर चढतो. म्हणून थंड असतानाच पाण्याची बाटली बघा. हिरवं-निळं-गुलाबी कुठलंही कूलंट असू दे, पण नळाचं गंजकं पाणी नको. आपल्याकडे मे महिन्यात ४३ डिग्रीत साधं पाणी घालून फिरवलेली गाडी मी तीन मिनिटांत ओळखतो, रेडिएटरच्या तोंडाशी पांढरे खवले धरलेले असतात.

गाडी मागच्या चाकांवर चालते. इंजिनापासून मागच्या डिफ्रन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे लांब फिरता दांडा. म्हणून फ्रंट व्हील गाडीत न सापडणारे आजार इथं बघायला लागतात. उभ्या गाडीत क्लच दाबून पहिला, मग रिव्हर्स, हळू सोडा. खालून "टक्क" आवाज आला तर क्रॉस (शाफ्टचा जोड) सैल. साठ-सत्तरला सीटखाली घरघर आली तर शाफ्ट किंवा क्रॉस. आणि हे महत्त्वाचं: सत्तरला असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा आणि रेडिओ बंद ठेवून ऐका. "हूंऽऽ" असा आवाज मागून निघाला, पाय दिला की बंद, सोडला की परत, तर क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शियलमधले दातेरी गिअर) किंवा त्याचं बेअरिंग. लोक इंजिन ऑइल बदलतात, डिफ्रन्शियलचं ऑइल कुणाच्या लक्षातसुद्धा नसतं.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर काळं दिसलं तर एक्सलचं ऑइल सील गेलंय. ते ऑइल ब्रेक शूवर जातं, मग ब्रेक एका बाजूला ओढतो.

स्टिअरिंग जड लागेल. घाबरू नका, पॉवर स्टिअरिंग नाही त्याला.

ओम्नीप्रेमी | शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

स्पॅनर अण्णा, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पण बघायला सांगा की. ओव्हरलोड गाडीचे पाटे सरळ झालेले असतात.

स्पॅनर | शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

पाटे तुमच्या ओम्नीला. ईकोला मागे कॉइल स्प्रिंग. गाडी सपाट जागेवर उभी करून मागून बघायची, बुड बसलेलं दिसतं. कुणी कुणी स्प्रिंगमध्ये रबर घालून उचलतात, ते पण बघा. रबर घातलं म्हणजे पोती वाहिलीत.

ओम्नीप्रेमी | शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

बरं. ओम्नी २०१९ ला बंद झाली तेव्हापासून माझं लक्षच उडालंय यातनं. ईको म्हणजे तरी काय, मारुतीच्या २००१ च्या वर्सा व्हॅनचाच सांगाडा, २०१० मध्ये नवं नाव लावून आणला.

चादरवाला_१३ | रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी २:१५

जाऊन आलो. स्पॅनर अण्णांनी सांगितल्याप्रमाणे सातलाच गेलो. मालकाने नाखुशीने दार उघडलं, गाडी मात्र आधीच गरम. बॉनेट उघडून पुढच्या रेडिएटरला हात लावला तर कोमट. म्हणाला, "पोराला क्लासला सोडून आलो." रविवारी सकाळी सात वाजता.

आरसी मागितली. आसनक्षमता ५. इंधन पेट्रोल. मागे सिलिंडर आणि त्याच्यापुढे आडवं बाकडं. कडकभाकरी, लेखनिक काका, तुम्ही दोघंही बरोबर निघालात.

तरी गाडी इतकी चकाचक होती की मन मागे-पुढे होत होतं. नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डला पॉलिश, आत अत्तराचा वास. मग बायकोने एक गोष्ट दाखवली. डाव्या बाजूचं सरकतं दार नुसत्या बोटाने सुर्रकन मागे जात होतं आणि शेवटी थोडं खाली बसत होतं. रेलचा रंग उडून आतलं लोखंड आरशासारखं चमकत होतं. उजवं दार मात्र घट्ट, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. म्हणजे दिवसातून कैक वेळा डावीकडूनच चढ-उतार. तिने बोट घालून डाव्या रेलच्या कोपऱ्यातली घाण बाहेर काढली. शार्पनरची सालं, पेन्सिलीची. लाल-काळ्या पट्ट्यांची, गोल गोल. आणि खोडरबराचा एक तुकडा, दात लावलेला.

मी मालकाला विचारलं, "शाळेला लावली होती का?" तो म्हणाला, "नाही हो, घरची पोरं." मग ब्रेकच्या पॅडलचं रबर बघितलं. एका कडेला गुळगुळीत, धातू दिसत होता. ७४ हजारात होतं का असं?

अक्का_विजापूर_रोड | रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

मी शाळेची व्हॅन चालवते, अकरा वर्षं झाली, रीतसर परवान्याची. म्हणून बोलते. शाळेची गाडी म्हणजे खराब असं सरसकट म्हणू नका. आमची गाडी चाळीसच्या वर जात नाही, पोरं वजनाला हलकी आणि सर्व्हिस चुकवली तर आई-बाप फोन करून जीव खातात. पण झिजायचं ते झिजतंच. दर दोनशे मीटरला थांबा, पहिला गिअर, परत थांबा. क्लचप्लेट, मागचे शू, डाव्या दाराचे रोलर, पुढच्या डाव्या सीटचा फोम. पॅडलचं रबर तर हमखास. तुमच्या बायकोचं डोकं चालतं, गाडी बघायला पुढच्या वेळीही तिलाच न्या.

त्या माणसाने सरळ सांगितलं असतं की शाळेला होती, तर मी म्हटलं असतं भाव पाडून घ्या. खोटं बोलला म्हणजे मीटरही मागे गेलंय समजा. शाळेच्या गाडीचे सुट्ट्या सोडून रोजचे ५०-६० किलोमीटर धरा, नऊ वर्षांचा हिशेब स्वतः करा.

माझी पहिली गाडी मी अशीच घेतली होती. एका एजंटाकडून, संध्याकाळी, पाऊस भुरभुरत असताना. ओल्या गाडीवर पेंटचा फरक दिसत नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. सीट उघडून बघितलीच नाही. आठ दिवसांनी नवस फेडायला तुळजापूरला निघालो. सपाटीवर काही नाही. घाट लागला आणि काटा चढायला लागला. मी एसी बंद केला, मग तिसऱ्यावर आणली, मग दुसऱ्यावर. वरच्या वळणापाशी पायाखालून वाफ यायला लागली. खरंच पायाखालून, इंजिनावरच बसलेलो असतो ना आपण. सासूबाई मागून विचारत होत्या, "अगं, धूप कुणी लावला?" हेड वाकलेलं होतं, आधी एकदा गरम होऊन. एजंटाने हेडला कसलं तरी पातळ रसायन घालून दीड महिना ढकलली होती. बावीस हजार गेले तेव्हा.

म्हणून माझं एकच म्हणणं. गाडी बघायला आसरा चौक ते सात रस्ता फिरवून येऊ नका. तुळजापूरचा घाट चढवा. पेट्रोल आपण घालायचं, गाडी मालकाची.

पुण्यात_अडकलेला | रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

"धूप कुणी लावला" 😂 अक्का, माफ करा, पण हसलो.

गॅसवाला_पाहुणा | रविवार, १६ नोव्हेंबर, रात्री ८:००

सीएनजीवाल्या गाडीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही. सीएनजी किट वाईट नाही, बिननोंदीचा किट वाईट. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी करावी लागते. गाडीवर प्लेट असते, सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते. ती बघा, संपलेली असेल तर खर्च आणि खेपा तुमच्या. जोडांवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे बघायचे. आणि गाडी थंड असताना पेट्रोलवर चालू करून बघा. बरेच जण वर्षानुवर्षं पेट्रोलवर चालवतच नाहीत, टाकीत जुनं पेट्रोल आणि पंप जाम.

स्पॅनर | रविवार, १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

बरोबर. आणि गॅसवर चाललेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात, गॅस कोरडा असतो. सकाळी मिसिंग, थोड्या वेळाने ठीक, असं असलं तर कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासून घ्या. इंजिनाच्या चारही सिलिंडरचं सारखं पाहिजे. एक कमी दिसला की पुढे खर्च.

टायरचं सांगायचं राहिलं. कडेला चार आकडे असतात. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. गाडी २०१९ ची, २५ हजार रनिंग सांगतात आणि टायर २०२३ चे? मग आधीचे टायर कुठे गेले?

चादरवाला_१३ | सोमवार, १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पहिली सोडली. आता दुसरी सापडली आहे. सप्टेंबर २०१९ ची, सात सीटर, बिनएसी, फक्त पेट्रोल, ६१ हजार. मोहोळकडचं शेतकरी कुटुंब आहे, मुलाने मोठी गाडी घेतली म्हणून काढतायत. ३ लाख ९० सांगतात. बिनएसी ऐकून बायकोचं तोंड बारीक झालं. बाबा म्हणाले, आम्ही एसटीच्या लाल डब्यातून संसार केला. घरात एवढी चर्चा झाली की भाकरी थंड झाल्या.

सीनाकाठ | सोमवार, १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मोहोळकडची? मग एक गोष्ट आधी बघा. सप्टेंबरात सीना नदीला जो पूर आला त्यात आमच्या बाजूच्या किती गाड्या गोठ्यासकट पाण्यात होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लांबोटीला हायवेवर पाणी होतं, मग गावातल्या गाड्यांचं काय विचारता. आता त्या हळूहळू बाजारात यायला लागल्यात, धुऊन-पुसून.

सीटबेल्ट पूर्ण ओढून काढायचा, शेवटपर्यंत. वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा दीड हात धुवायला कुणाला सुचत नाही. तिथं गाळाची रेघ असते. सीटच्या खालचे बोल्ट बघा, गंजलेत का. वायरिंगच्या सॉकेटात वाळलेला पिवळा गाळ. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ. खालचं मॅट उचलून बोट दाबा. आणि नाक! उन्हात बंद करून अर्धा तास उभी करा, मग दार उघडून वास घ्या. पुराचा वास अत्तराने जात नाही, अत्तर घालून आणखी ओकारी येते.

ईकोचं इंजिन खाली, सीटच्या पातळीला. त्यात पाणी जायला जमिनीपासून फार चढायलाही लागत नाही.

कडकभाकरी | मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

लाख रुपयाचा सल्ला. आणि २०१९ ची गाडी आहे म्हणजे एचएसआरपी (सुरक्षा खुणांची सरकारी नंबरप्लेट) कंपनीचीच असली पाहिजे, १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती सुरुवातीपासून येते. साधी रंगवलेली पाटी असेल तर विचारा का बदलली.

चादरवाला_१३ | शनिवार, २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आज जाऊन आलो. बायको, मी आणि अशोक चौकातले एक फिटर, ज्यांना दिवसाचे ८०० दिले. पहाटे साडेसहाला पोचलो. गाडी गोठ्याच्या शेजारी, काचेवर दव. थंड! मालक स्वतः म्हणाले, "सीट उचला की, त्यात काय."

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. मागच्या सीटच्या बेल्टमधून ज्वारीचे दोन दाणे पडले, गाळ नाही. मालकांनी हसून सांगितलं, पाणी त्यांच्या बांधापर्यंत आलं होतं, गाडी तेव्हा वस्तीवर वरच्या अंगाला होती. बायकोने तरी सगळे बोल्ट मोबाइलचा टॉर्च लावून बघितले. ती आता तज्ज्ञ झालीय.

ऑइल काळं पण स्वच्छ. धूर नाही. झाकण उघडल्यावर थोडी फुक. कूलंट गुलाबी. टायर पाचही २०१९ चे, स्टेपनीसकट, म्हणजे रनिंग खरं आहे, पण चार नवे घ्यायला लागणार. दोन्ही दारांचे रेल सारखेच झिजलेले. शेतातली गाडी, दोन्हीकडून माणसं चढतात.

मग अक्कांचं ऐकून तुळजापूरचा घाट. पेट्रोल माझं. काटा निम्म्याच्या वर गेला नाही, वर पोचून देवीचं बाहेरूनच दर्शन घेतलं. उतरताना हायवेला सत्तरवर पाय काढला. रेडिओ बंद. आणि मागून, अगदी बारीक, "हूंऽऽ". पाय दिला, गप्प. सोडला, परत. फिटर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलं ना?" मी ऐकलं होतं. मला एवढा आनंद झाला की मालकाला वाटलं गाडी फार आवडली.

आता काय करू? सोडू का?

स्पॅनर | शनिवार, २२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

कशाला सोडताय. बारीक आहे तर बेअरिंगच असेल, क्राऊन-पिनियनचे दात अजून वाचले असतील. डिफ्रन्शियलचा तळाचा नट काढून ऑइल बघायला लावा. चमचमणारी बारीक पूड असली तर ठीक, तुकडे निघाले तर भाव आणखी पाडा. काम आठ-नऊ हजारांचं, चार टायर वेगळे. दोन्ही धरून खाली या. इंजिन थंड दाखवणारा मालक सोलापूर जिल्ह्यात परत सापडायचा नाही.

निवृत्त_लेखनिक | रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

बोजा तपासला का?

चादरवाला_१३ | रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

तपासला काका. सोसायटीचा नव्हे, बँकेचा होता, २०२३ ला फिटला. पण आरसीवरून उतरवला नाही. मालकांना माहीतच नव्हतं. ते उद्या बँकेत जाऊन पत्र आणतायत. तोवर मी फक्त ५ हजार इसार दिलाय, चिठ्ठीवर लिहून, दोन साक्षीदारांसकट. बोजा उतरल्याशिवाय बाकीचे देणार नाही, असं त्याच चिठ्ठीत आहे.

निवृत्त_लेखनिक | रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

शाब्बास.

चादरवाला_१३ | गुरुवार, ११ डिसेंबर, रात्री ८:४५

मंडळी, गाडी दारात आली. ३ लाख ५८ ला. पत्र, फॉर्म ३५, २९, ३० सगळं दाखल केलं, विम्याचाही अर्ज दिला. डिफ्रन्शियल उघडलं, पिनियनचं बेअरिंग गेलं होतं, दात शाबूत. ८,७०० झाले. ऑइल कधी बदललंय असं विचारलं तर मालक म्हणाले, "तिथंपण ऑइल असतंय?" टायर पुढच्या महिन्यात.

एसीचं असं ठरलं की मागच्या काचा सरकवायच्या आणि मे महिन्यात पहाटे चारला निघायचं. बायकोने अट घातलीय, पुढची गाडी ती निवडणार.

अक्का_विजापूर_रोड | गुरुवार, ११ डिसेंबर, रात्री ९:००

अभिनंदन! दाराच्या रोलरला ग्रीस लावत राहा, दर महिन्याला. आणि पहिली गाडी आठवते का, शार्पनरवाली?

चादरवाला_१३ | गुरुवार, ११ डिसेंबर, रात्री ९:०४

हो. का?

अक्का_विजापूर_रोड | गुरुवार, ११ डिसेंबर, रात्री ९:०६

आज परत जाहिरात दिसली. तीच नवी सीट कव्हरं, तोच नंबर. आता ५८ हजार रनिंग आहे.